रेकॉर्डर बंद झाल्यावर

मंजिरी पोंक्षेला माणसं मिळत नव्हती. पीएचडीचं तिसरं वर्ष अर्धं सरलं होतं आणि कामाच्या नावाने ठणठणगोपाळ होता. विषय होता, विद्यापीठातल्या लोकांनी इस्लामी मोबाइल बँकिंग का स्वीकारलं आणि ज्यांनी नाही त्यांनी का नाही. विषय तिने निवडलेला नव्हता. ब्रिस्टलमधल्या त्या विद्यापीठात पैसे या विषयाला होते, म्हणून मंजिरीही या विषयाला होती. तिची आई चिंचवडला नातेवाइकांना "आमची मंजू बँकिंगमध्ये पीएचडी करते" असं सांगायची आणि त्याआधीचा 'इस्लामी' हा शब्द अलगद गिळायची. मंजिरीनेही आईला तो कधी उच्चारायला लावला नव्हता.

प्रकरण तसं सोपं होतं. धर्माने व्याज निषिद्ध, म्हणून ही बँक व्याज देत नाही. तुमचे पैसे ती धंद्यात घालते आणि नफ्यातला वाटा तुम्हाला देते. शाखा नाही, काउंटर नाही, सगळा कारभार फोनवर. ॲपचं चिन्ह म्हणजे एक हिरवा चौकोन, त्यामुळे कॅम्पसवर सगळे त्याला 'हिरवं' म्हणत. विद्यार्थ्यांनी मंजिरीचा ऑनलाइन फॉर्म भरला होता, पण पाच पौंडांच्या व्हाउचरसाठी. तेवीस प्रश्न चाळीस सेकंदांत, आणि उत्तर सगळीकडे 'पूर्ण सहमत'. गाईडबाईंना हवे होते ते वेगळेच लोक. लॅब झाडणाऱ्या, पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या, कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या बायका. त्या बायका मंजिरीच्या ईमेलला उत्तर देत नव्हत्या, आणि का द्यावं?

अशात लायब्ररीच्या तळमजल्यावरच्या कॅफेत, जॅकेट पोटॅटोची, म्हणजे सालासकट भाजलेल्या बटाट्याची, प्लेट पुढे सरकवताना, काउंटरपलीकडच्या बाईने तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं.

"पोंक्षे? म्हणजे दापोलीचे?"

मंजिरीने प्लेट तशीच काउंटरवर राहू दिली. ब्रिस्टलमध्ये, डोक्याला काळा स्कार्फ बांधलेल्या बाईकडून, थेट दापोली! दहावीपर्यंत ती दापोलीतच वाढली होती. बाईचं नाव रुकय्या बुरोंडकर. गाव दापोली तालुक्यातलं, शिक्षण मराठी शाळेत. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मागे सात जणांची रांग खोळंबली होती, पण रुकय्याने पोंक्ष्यांच्या तीन घरांची चौकशी केली, मग बटर जरा जास्तच लावलं आणि म्हणाली, "मना आपा म्हण. इथे सगळे आपाच म्हणतात."

पुढे जे झालं ते म्हणजे मंजिरीच्या भाषेत 'सँपल मिळालं'. साध्या भाषेत, रुकय्याआपाने तिला आपल्या घरात घेतलं.

शहराच्या ईस्टन भागातल्या तिच्या घरी दर शनिवारी दुपारी बायका जमत. सोमाली होत्या, बांगलादेशातल्या सिल्हेटच्या होत्या, पाकिस्तानी होत्या. कोकणातली एकटी रुकय्याच. दोन वर्षांपूर्वी ते हिरवं ॲप आलं तेव्हा या बायकांना ना त्याचं इंग्रजी झेपत होतं, ना चेहरा स्कॅन करायला लावणं पटत होतं. रुकय्याने एकेकीला सोफ्यावर बसवून शिकवलं. पासवर्ड घालायची वेळ आली की ती स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायची. "मना दाखवू नका, अल्लालासुद्धा सांगू नका, त्याला ठाऊक आहेच," असं म्हणायची. बायका हसायच्या आणि पासवर्ड घालायच्या. चाळीसएक बायकांचे पगार त्या एका बाईच्या शब्दावर हिरव्यात गेले. गाईडबाईंच्या पुस्तकांत याला मोठमोठी नावं होती. ईस्टनमध्ये एकच कारण होतं, आपा म्हणतेय ना, मग ठीक.

तीच आपा आता म्हणाली, "ही आमच्या तालुक्यातली पोर आहे, हिच्याशी बोला." झालं. सप्टेंबर ते डिसेंबर तीस मुलाखती. मंजिरी आतून मोहरून गेली होती.

एकदा चहा ओतता ओतता आपाने विचारलं, "दापोलीला असतीस तर आली असतीस गो माझ्या घरी?"

मंजिरी रोज मुसलमान मोहल्ल्यातूनच शाळेत जायची. दहा वर्षं गेली. एकाही घराचा उंबरा तिने ओलांडला नव्हता. ती म्हणाली, "नाही आपा. आले नसते."

"खरं बोललीस," आपा म्हणाली आणि तिच्या बशीत दोन सांदणं जास्त ठेवली. त्या खरेपणाचं मंजिरीला उगाचच कौतुक वाटलं होतं. आपाने तर त्यावर बराच मोठा इमला बांधला.

एकतिसावी मुलाखत आपाचीच. कागदावर सही झाली. कागदात स्वच्छ लिहिलं होतं, की जे रेकॉर्ड होईल तेवढंच वापरू, नाव देणार नाही, आणि कुणी ओळखेल असं काहीही छापणार नाही. आपा रेकॉर्डरसमोर शाळा तपासायला साहेब आल्यासारखी ताठ बसली आणि सगळ्या प्रश्नांना शहाण्यासारखी उत्तरं दिली. हिरवं चांगलं आहे, हलाल आहे, सोपं आहे. मंजिरीने आभार मानले, लाल दिवा विझवला, आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

"एक सांगू गो?" आपा भांडी विसळत म्हणाली. "माझं जुनं खातं मी बंद नाही केलेलं."

मंजिरी टॉवेलने कप पुसत होती. तिचा हात थांबला.

ते खातं बावीस वर्षांपूर्वीचं, पहिल्या पगाराचं, साध्या बँकेतलं, व्याजाचं. हिरवं आलं तेव्हा मुलाने केंब्रिजला नोकरीवर जायच्या आधी आईवडलांचं जोडखातं काढून दिलं होतं. "आता मी दीड पौंडाची कोथिंबीर घेतली तरी ह्यांच्या खिशात टिंग वाजतं," आपा म्हणाली. "वाईट नाहीत ते. विचारत पण नाहीत कधी. पण टिंग वाजतं ना. बाईमाणसाला एक कप्पा स्वतःचा लागतो गो. त्या खात्यात मी थोडं थोडं टाकते. कुणाला ठाऊक नाही. ह्यांना नाही, या बायकांना तर नाहीच."

"आणि व्याज?"

"ते खायचं नाही. दान म्हणून पण देता येत नाही, त्याचं पुण्य मागायचा हक्क नाही आपल्याला. नुसतं हाताबाहेर घालवायचं. मग मी गावच्या मुलींच्या शाळेत संडास बांधले." ओल्या हाताने तिने फ्रीजकडे बोट केलं. तिथे चुंबकाखाली तीन गुलाबी दारांचा फोटो होता. शनिवारी येणारी प्रत्येक बाई तो बघायची, आपाने पगारातून केलं म्हणून दुवा द्यायची. मंजिरीनेही ते कौतुक कितीदा ऐकलं होतं. "पुण्य नको मना. पोरी दिवसभर शाळेत राहिल्या की झालं."

मग ती वळली. "हे लिहू नकोस हां."

"छे हो आपा. रेकॉर्डर बंद आहे."

हे तिने मनापासून म्हटलं होतं. घरी जाताना बसमध्ये फोन काढून तिने ते सगळं शब्दन् शब्द टिपून ठेवलं, तेही फक्त विसरू नये म्हणून. विसरलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न तिला पडला नाही.

फेब्रुवारीत गाईडबाईंनी तिचं प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आकडे ठीक आहेत, म्हणाल्या, पण यात माणूस कुठे आहे? मार्चमध्ये विद्यापीठाचा संशोधन दिवस होता, पोस्टरांची स्पर्धा होती, आणि पुढच्या वर्षीच्या पैशांचं ठरवणारी मंडळी ती बघायला येणार होती.

मंजिरी रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. उगाच तिला जास्तीचं श्रेय नको. दुपारी अडीच वाजता, लख्ख शुद्धीत, लॅपटॉपसमोर केळं खात तिने ते वाक्य उघडलं. सुंदरच होतं. व्याज, लाज, धर्म, बाईचं स्वातंत्र्य, सगळं तीन ओळींत. एकतीस मुलाखतींत तसं एकही नव्हतं. शिवाय ते मराठीत होतं, आणि तिला वाटलं, म्हणजे ते अर्धं आपलंच. नाव तर देणार नाहीच आपण. पोस्टरच्या माथ्यावर तिने मोठ्या देवनागरी अक्षरांत ते टाकलं: 'व्याज मला खायचं नव्हतं. म्हणून गावच्या शाळेत पोरींसाठी संडास बांधले. पुण्य नको, पोरी दिवसभर शाळेत राहिल्या की झालं.' खाली बारीक अक्षरांत इंग्रजी भाषांतर. त्याखाली: 'सहभागी ३१, खानपान विभाग, वय पन्नाशीच्या पुढे. इतरांना इस्लामी बँकिंगकडे वळवणारी, पण स्वतःचं व्याजाचं खातं गुप्तपणे चालू ठेवणारी.'

नवऱ्याने, सुश्रुतने, स्क्रीन पाहून विचारलं, "परमिशन घेतलीयस ना तिची?"

"कन्सेंट फॉर्म साइन्ड आहे."

"या वाक्याची?"

"अरे, ॲनॉनिमस आहे सुश्रुत. आणि इथे मराठी कोण वाचतंय?"

मराठीखाली इंग्रजी आपणच छापलंय, हे तिला दिसत होतं. खानपान विभागात पन्नाशीपुढची मराठी बोलणारी बाई अख्ख्या विद्यापीठात एकच आहे, हेही ठाऊक होतं. फ्रीजवरचा फोटो आठवत होता. सगळं ठाऊक असून तिने फाइल छपाईला धाडली. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की आपण चुकून केलं. तेवढं खोटं मात्र तिला जमेना.

आणि कहर म्हणजे तिने बायकांना आमंत्रण दिलं. 'तुमच्यामुळे झालं, तुम्ही यायलाच हवं,' अशी छापील कार्डं घेऊन ती ईस्टनला गेली. केसाने गळा कापणारे निदान पाहुण्यांना बोलावत नाहीत!

संशोधन दिवस लायब्ररीच्या तळमजल्यावर होता, कॅफेला लागून. बारा बायका आल्या, इस्त्रीचे कपडे, मुलांना शाळेतून लवकर आणून. लॅब झाडणारी होदान पुढे होती, बरोबर तिची मुलगी, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. मंजिरीने सगळ्यांना हात धरून पोस्टरसमोर नेलं. होदानच्या मुलीने मोठ्याने इंग्रजी वाचायला सुरुवात केली, आईला कळावं म्हणून. होदानने मागच्या दोघींना सोमालीत सांगितलं. कुणीतरी सिल्हेटीत सांगितलं. 'संडास' या शब्दापाशी सगळ्या भाषा एकदम थांबल्या.

बाराच्या बारा बायकांनी मान वळवून कॅफेच्या काउंटरकडे पाहिलं.

आपा सूप वाढत होती. इतक्या नजरा एकदम आल्या म्हटल्यावर आपल्यालाच बोलावतायत असं समजून ती हसली, हात पुसत बाहेर आली. बायकांनी तिला वाट करून दिली. इंग्रजीकडे तिने पाहिलंही नाही. वरची मोठी अक्षरं तिची होती, शाळेतली. ओठ हलवत ती वाचत गेली, पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. मग एकदा पहिल्यापासून. मंजिरीला वाटलं, ही आता आपल्याकडे बघेल. तोंडात मारेल तर बरं, असंही वाटलं.

"अक्षर छान आलंय गो," आपा म्हणाली आणि सूपाकडे परत गेली.

होदानने मुलीचा दंड धरला. बायका एकेक करून कोट चढवून निघाल्या. टेबलावरचे समोसे तसेच राहिले. वीस मिनिटांनी मंजिरीच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळाल्याचं जाहीर झालं. 'आम्हाला माणूस दिसला,' परीक्षक म्हणाले. फोटोसाठी हसा म्हटल्यावर ती हसली. तो फोटो विद्यापीठाच्या पानावर आहे, कुणालाही बघता येईल. चांगला आलाय, हीच त्यातली शरमेची गोष्ट.

त्यानंतर मंजिरी लायब्ररीत मागच्या दाराने जाऊ लागली. कॉफी तिसऱ्या मजल्यावरच्या मशीनची, चव काडेपेटीसारखी. आईचा व्हिडिओ कॉल आला, चिंचवडच्या सगळ्या सोसायटीत पेढे वाटल्याचं कळलं, आणि आईने पहिल्यांदाच पूर्ण विषय उच्चारला, इस्लामी मोबाइल बँकिंग, अगदी अभिमानाने. मंजिरीला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. रात्री सुश्रुतने काही विचारलं नाही. 'मी सांगितलं होतं' हे न बोलण्याइतका तो भला आहे, आणि त्या भलेपणाचाही तिला राग आला.

गाईडबाईंना तिने अर्धंमुर्धं सांगितलं. त्या म्हणाल्या, सही आहे ना, मग तांत्रिकदृष्ट्या आपण सुरक्षित आहोत. 'आपण' ऐकून मंजिरीला आणखी लाज वाटली.

आठवड्याने होदानच्या मुलीने तिला जिन्यात गाठलं. पोरगी एकोणीस वर्षांची, पण नजर वकिलाची.

"रुकय्या आंटीने ते छापायला परवानगी दिली होती?"

"फॉर्मवर..."

"फॉर्मचं नाही विचारत. ते वाक्य."

मुलगी एक पायरी खाली उतरली. "शनिवार बंद झालाय," ती म्हणाली. "सहा जणींनी हिरवं काढून टाकलं. म्हणतात, जिने आम्हाला तिथे नेलं तिचंच मन तिथे नव्हतं. माझी आई तिच्याशी बोलत नाही. माझी आई! तिला या देशात पहिला डबा आंटीने दिला होता. मी तक्रार करतेय तुमची, तोंडावर सांगून करतेय."

दोन दिवसांत नैतिकता समितीचं पत्र आलं. मंगळवारी दहा वाजता हजर राहावं. दोष सिद्ध झाला तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि नोंदणी गेली की व्हिसा जातो, हे पत्रात नव्हतं, पण मंजिरीला पाठ होतं. गंमत अशी की पत्र वाचून तिला हलकं वाटलं. ठरलं, सगळं कबूल करायचं. रेकॉर्डर बंद होता, तिने नको म्हटलं होतं, मी तरी छापलं. बक्षीस परत करायचं. पोस्टर त्यांनी उतरवायच्या आधी आपण उतरवायचं. जे होईल ते होवो. सोमवारी संध्याकाळी ती हेच सांगायला ईस्टनला गेली.

दार आपाच्या नवऱ्याने उघडलं. उंच, सावकाश बोलणारा माणूस, पूर्वी बस चालवायचा. "या," तो म्हणाला. "चहा घेणार?" उत्तराची वाट न बघता तो जिना चढून गेला. वरची खोली बंद झाल्याचा आवाज खाली आला.

आपा बैठकीत एकटी बसली होती. शनिवारी मांडायच्या जास्तीच्या खुर्च्या भिंतीला एकावर एक रचलेल्या होत्या. मंजिरीने पाठ केलेली माफी तोंडाशी आली आणि तिथेच लटकली. शेवटी ती सरळ खाली बसली, गालिच्यावर, आणि रडली. आपाने तिला रडू दिलं. पाणीबिणी काही आणलं नाही.

"त्यांनी काय म्हटलं?" मंजिरीने वरच्या खोलीकडे बघत विचारलं.

"एकदाच विचारलं. माझ्यापासून लपवण्यासारखं काय होतं, म्हणाले. बस. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आवाज चढवला नाही त्यांनी कधी. चढवला असता तर मी पण भांडले असते. आता फोनचं टिंग त्यांनी बंद करून ठेवलंय. तुझं तू बघ, म्हणतात." ती थांबली. "मना ते टिंग नको होतं म्हणून एवढं सगळं. आता घरात इतकं गप्प झालंय की जीव नको होतो."

"आपा, मी उद्या समितीपुढे सगळं खरं सांगणार आहे. तुम्ही नको म्हटलं होतं, ते सांगणार. सगळ्यांना कळेल की तुमचा काही दोष नाही, मी फसवलं तुम्हाला."

"नाही सांगायचं."

मंजिरीला वाटलं, ही आपल्याला वाचवतेय. "आपा, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी?" आपाने चष्मा काढला. "तुझ्यासाठी मी उद्यापासून बटरसुद्धा लावणार नाही गो." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मंजिरीला ते लागलं. "मी होदानच्या पोरीला सांगितलंय, ऑफिसवाल्यांना सांगितलंय, घरात पण सांगितलंय, की ते वाक्य मीच तुला लिहायला लावलं. मनावर ओझं होतं, तोंडाने बोलवत नव्हतं, म्हणून तुझ्याकडून लिहून घेतलं. कळतं का? दुसऱ्याने पकडलं तर मी चोर. आपण होऊन सांगितलं तर तोबा. चोराकडे कुणी परत येत नाही. तोबा केलेल्याकडे येतात, उशिराने का होईना. ह्यांचं पण तसंच. बायको पकडली गेली की वेगळं, बायकोने कबूल केलं की वेगळं."

"पण ते खोटं आहे."

"आहेच. या वयात खोटं बोलायला लागतंय, तुझ्यामुळे." आपाने पदराने चष्मा पुसला, पुन्हा नाकावर ठेवला. "तू उद्या खरं बोललीस की तुझं मन मोकळं होईल. रडशील, मोकळी होशील, पुण्याला जाशील. मना या घरात राहायचंय."

मंजिरीने मान हलवली. आणखी काही करण्यासारखं तिच्या हातात राहिलंच नव्हतं. बक्षीस परत करता येणार नव्हतं, पोस्टर उतरवता येणार नव्हतं. चांगलं वागायचे सगळे रस्ते तिने स्वतःच बंद करून ठेवले होते. निघताना ती दारात घुटमळली, आपा काही बोलेल म्हणून. आपाने फक्त म्हटलं, "दार नीट ओढून घे, थंडी येते."

मंगळवारी दहा वाजता समितीच्या खोलीत दोनच माणसं होती. अध्यक्षबाई मायाळू होत्या. त्यांनी आधी पाणी पुढे केलं. मग म्हणाल्या, आम्ही सहभागी एकतीसशी बोललो आहोत, त्यांनी लेखी निवेदन दिलंय, तक्रार मिटल्यात जमा आहे. फक्त औपचारिकता म्हणून तुम्हाला वाचून दाखवते, आणि ते बरोबर असेल तर तुम्ही खाली तसं लिहून द्यायचं.

निवेदन इंग्रजीत होतं, कॅफेतल्या कुणीतरी टाइप करून दिलेलं. मंजिरी मनातल्या मनात त्याचं मराठी करत गेली, आपाच्या आवाजात, थांबवता येईना म्हणून. 'ही मुलगी माझ्या तालुक्यातली आहे. माझ्या घरात ती माझ्या मुलीसारखी वावरली. ते वाक्य छापायला मीच तिला सांगितलं. मी सांगितल्याशिवाय ती माझा एक शब्दही कुठे लिहिणार नाही, एवढा माझा तिच्यावर विश्वास आहे.'

"बरोबर आहे हे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मंजिरी हो म्हणाली.

"असा विश्वास संपादन करणं सोपं नसतं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि हसून कागद तिच्याकडे सरकवला. आपाचं नाव खाली होतं, मराठीत, ठळक, एकेक अक्षर सुटं. त्याच्याखाली जागा कोरी होती.

मंजिरीने सही केली.